क्योतोचे अंबाडे

कोबे बंदराच्या उत्तरेस रोक्को पर्वताची रांग उभी आहे. मोत्यांच्या व्यापाऱ्यांना ही रांग विशेष प्रिय, कारण तिच्यावरून परतणारा उत्तरेचा सौम्य प्रकाश मोत्यावर पडला की पांढऱ्यातला गुलाबी आणि पांढऱ्यातला हिरवट हे भेद उघड होतात. भर उन्हात अथवा दिव्याखाली ते दडून राहतात. या व्यवहारात भारतातून गेलेली जैन कुटुंबेही आहेत. शहराच्या कितानो वस्तीत १९८५ मध्ये बांधलेले भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर त्यांच्या वास्तव्याची खूण आहे. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे तेथे आले, दर्शन आणि भोजन आटोपले, की दुसऱ्या दिवशीचा बेत बहुधा क्योतोचा ठरतो. रेल्वेने तासाभराचा रस्ता. बरोबर डबा असतोच, कारण क्योतोतील साध्या शेवयांच्या रश्श्यालाही माशाचा आधार असतो आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही.

क्योतोत कामो नदीवरचा शिजो पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला गिओन वस्ती सुरू होते. पुलाच्या टोकाशी मिनामिझा हे काबुकी नाटकांचे जुने नाट्यगृह, पुढे दुकानांची रांग, आणि उजवीकडे वळून दक्षिणेस केन्निन्-जी मंदिरापर्यंत जाणारा हानामिकोजी रस्ता. दोन्ही बाजूंना तपकिरी लाकडी घरे, दारांवर बांबूच्या चटया. सायंकाळी पाचच्या सुमारास एखादे दार सरकते आणि पांढरा रंग लावलेल्या चेहऱ्याची, उंच लाकडी खडावा घातलेली एक मुलगी झपझप चालत पलीकडच्या गल्लीत नाहीशी होते. परदेशी प्रवासी तेवढ्यात छायाचित्र टिपतात आणि 'गेइशा पाहिली' असे समाधान मानतात. गिओनमधला जुना दुकानदार मात्र तिच्या चेहऱ्याकडे फारसे पाहत नाही. त्याची नजर मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या भागावर जाते. ती मुलगी कितव्या वर्षात आहे, कोणत्या पायरीवर आहे, महिना कोणता आणि सण कोणता, हे सारे त्याला अंबाड्यावरून कळते.

पहिला भेद अगदी सोपा आहे. क्योतोत 'गेइशा' हा शब्द फारसा वापरत नाहीत. तेथे पूर्ण शिकलेल्या कलावतीला 'गेइको' आणि शिकाऊ मुलीला 'माइको' म्हणतात. नृत्य, गायन, शामिसेन हे तंतुवाद्य, चहापानाचा विधी ही त्यांची विद्या. गेइको समारंभाला जाताना केसांचा टोप घालते. माइकोचा अंबाडा तिच्या स्वतःच्या केसांचा असतो. म्हणजे ज्या डोक्यावर फुलांची गर्दी अधिक, ते शिकाऊ मुलीचे, आणि जे काळेभोर, नीटस व जवळजवळ अनलंकृत, ते मुरलेल्या कलावतीचे. आपल्याकडच्या समजुतीच्या हे नेमके उलट आहे. आपल्याकडे दागिना वयाबरोबर आणि मानाबरोबर वाढतो. गिओनमध्ये तो वयाबरोबर उतरत जातो.

अंबाडा ओळखायचा तर आधी त्याचे भाग ठाऊक हवेत. जपानी केशरचनेचे चार भाग मानतात. कपाळावरून मागे वळवलेले पुढचे केस म्हणजे 'मायेगामी', कानांवर पंखासारखे फुगवलेले ते 'बिन', मानेवर लोंबता फुगवटा तो 'ताबो', आणि माथ्यावर बांधलेला मुख्य अंबाडा तो 'मागे'. (मराठी वाचकाला हा शब्द ऐकून गंमत वाटेल, कारण हा 'मागे' डोक्याच्या वर असतो.) प्रत्येक भाग वेगळा विंचरून, मेणमिश्रित तेलाने बसवून, कागदाच्या पिळलेल्या बारीक दोरीने बांधतात. या दोरीला 'मोतोयुई' म्हणतात. फण्या त्सुगे नावाच्या पिवळसर कठीण लाकडाच्या. रुंद दातांची, बारीक दातांची, नुसत्या कडा बसवायची, अशा अनेक. फुगवटा टिकावा म्हणून आत भराव घालतात आणि तो परंपरेने याकच्या, म्हणजे चवरीगाईच्या केसांचा असतो. आपल्या आज्यांच्या पेटीतले गंगावनही पुष्कळदा याच प्राण्याच्या शेपटीचे असे. ज्या केसांची चवरी मंदिरात ढाळली जाते, तेच केस हिमालयापासून इतक्या दूर अंबाड्याच्या पोटात बसलेले असतात.

अंबाडा बांधणारी कारागीर आठवड्यातून साधारण एकदा तो सोडते, केस धुतले जातात आणि पुन्हा बांधला जातो. मधले दिवस तो मोडू द्यायचा नाही. यासाठी माइको मानेखाली 'ताकामाकुरा' नावाची उंच, अरुंद उशी घेऊन झोपते. कूस बदलायची तीही डोके न हलवता. वर्षानुवर्षे माथ्यावरचे केस एकाच ठिकाणी घट्ट ओढले गेल्याने तेथे लहानसे टक्कल पडते. गिओनमध्ये या चकतीला कौतुकाने पदक म्हणतात. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून आलेल्या मुलीला हे पदक कसे वाटत असेल, हे कौतुक करणाऱ्यांनी विचारलेले दिसत नाही.

नव्या माइकोच्या अंबाड्याचे नाव 'वारेशिनोबु'. शाळेचे अनिवार्य शिक्षण संपवून, सुमारे वर्षभर उमेदवारी करून मुलगी प्रथम लोकांसमोर येते, त्या दिवशी तो बांधला जातो आणि पुढे दोन-तीन वर्षे राहतो. तो गोलसर असतो, आणि त्याच्या घडीतून लाल रेशमी पट्टी डोकावते. वरूनही आणि खालूनही. मागून पाहिले तर पिकलेले फळ मधोमध उकलून आतला लाल गर दिसावा तसा भास होतो. या पट्टीला 'कानोको' म्हणतात. कानोको म्हणजे हरणाचे पाडस. पाडसाच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखे ठिपके कापडावर असतात म्हणून हे नाव. हे ठिपके छापलेले नसतात. कापडाचा एकेक बिंदू चिमटीत धरून, दोऱ्याने आवळून, मग रंगात बुडवून ते उमटवतात. जामनगर किंवा भूजच्या बांधणीचा व्यवहार ज्यांच्या घरात झाला आहे, त्यांना ते कापड दुरूनच ओळखू येईल. बिंदू बोटाला जाणवतात, सुरकुती राहते आणि दोन तुकडे कधीच सारखे नसतात. छापील नकलेत या तिन्ही गोष्टी नसतात.

पहिल्या वर्षाच्या मुलीला ओळखण्याच्या आणखी दोन खुणा आहेत. तिच्या कपाळाच्या बाजूला खोवलेल्या फुलांच्या गुच्छातून लहान फुलांची माळ गालाशी लोंबत असते, आणि तिचा फक्त खालचा ओठ रंगवलेला असतो. वर्ष सरले की माळ जाते व वरचा ओठही रंगतो.

दुसरा मुख्य अंबाडा 'ओफुकु'. अठराव्या वर्षाच्या आसपास ज्येष्ठ माइको तो बांधू लागते. समोरून पाहणाऱ्याला वारेशिनोबु आणि ओफुकु यांत फरक सहसा कळत नाही. गल्लीत उलट्या दिशेने येणारे प्रवासी येथेच फसतात. फरक पाठीमागे आहे. ओफुकुमध्ये उकललेल्या फळासारखी लाल रेघ नसते. तिच्या जागी अंबाड्याच्या मागच्या बाजूस, खालच्या अंगाला, कापडाचा एक त्रिकोण टाचलेला असतो. त्याला 'तेगारामी' म्हणतात. आरंभी तो लाल असतो. मुलगी जसजशी मोठी होते तसतसे त्याचे रंग बदलत व निवळत जातात. वर-खाली दोन ठिकाणी लाल पट्टी दिसली तर धाकटी, एक त्रिकोण दिसला तर थोरली. एवढे लक्षात ठेवले तरी गिओनच्या गल्लीत निम्मे काम होते.

या त्रिकोणाचा इतिहास मात्र सुखाचा नाही. आज हा बदल वयाने आणि अनुभवाने होतो. युद्धपूर्व काळात त्यामागे एक व्यवहार असे. कोणी धनिक मुलीच्या कौमार्याची किंमत ती राहत असलेल्या घराला देई, आणि तो व्यवहार पार पडल्याची जाहीर खूण म्हणून तिचा अंबाडा बदलला जाई. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ती खूण वाचता येत असे. दुकानातल्या मालावर विकल्याची चिठ्ठी लावावी, तशी ती माणसाच्या डोक्यावर लावली जाई, आणि घेणारेही व्यापारीच असत. रेशीम, तांदूळ, साके यांत पैसा केलेले. जपानमध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि १९५८ पासून त्याची दंडाची कलमे लागू झाली. तेव्हापासून या अंबाड्याचा तो अर्थ उरला नाही. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत 'ओफुकु' म्हणजे केवळ 'प्रौढ माइकोची मोहक केशरचना' असते. पत्रकापुरते ते ठीक. पण आपल्या मुलींना बरोबर घेऊन हा रस्ता पाहायला जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे तरी जाणून जावे.

बाकीचे प्रकार प्रसंगापुरते. जुलैमध्ये गिओन उत्सवाच्या दिवसांत ज्येष्ठ माइको 'कात्सुयामा' बांधतात. हे नाव सतराव्या शतकातील एदो, म्हणजे आजच्या तोक्योतील, एका प्रसिद्ध गणिकेचे. नववर्षाला आणि अन्य औपचारिक प्रसंगी काळा किमोनो नेसतात तेव्हा 'याक्को-शिमादा' असतो. त्याची ओळख म्हणजे टवटवीत उंच अंबाडा आणि एकंदर करारीपणा.

शेवटचा 'साक्को'. माइकोचे दिवस संपून गेइको होण्यापूर्वीच्या दोन ते चार आठवड्यांतच तो दिसतो. या काळात दात काळे रंगवतात. जुन्या जपानमध्ये विवाहित स्त्रिया दात काळे करीत. आपल्याकडे दातवण लावणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या त्यांना याचे नवल वाटणार नाही. साक्को हा पूर्वी क्योतो-ओसाकाकडे नवविवाहितेचा अंबाडा होता. त्याच्यावर कासवाच्या पाठीचे पिवळसर पारदर्शक अलंकार खोवतात. हे कासव आज दुर्मीळ असून त्याच्या कवचाची जपानमधील आयात १९९० च्या दशकात बंद झाली; जुने अलंकारच जपून वापरावे लागतात. मुदत संपल्यावर एका रात्री घरातल्या मालकीणबाई, ज्यांना सगळ्या मुली 'ओकासान' म्हणजे आई म्हणतात, आणि 'ओनेसान' म्हणजे थोरल्या ताया मिळून अंबाड्याची दोरी व केसांची टोके कात्रीने कापतात. त्यानंतर रोजचा उंच उशीचा जाच संपतो. अनेकींना त्या रात्री कित्येक वर्षांनंतर मऊ उशीवर झोपायला मिळते.

केसांत खोवायच्या फुलांना 'कानझाशी' म्हणतात आणि ती दर महिन्याला बदलतात. रेशमाचे लहान चौकोनी तुकडे दुमडून पाकळ्या करतात. फेब्रुवारीत उमे, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुले, एप्रिलमध्ये चेरी, जूनमध्ये विलोची पाने, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पाने. डिसेंबरच्या गुच्छात मिनामिझाच्या दारावर लागतात तशा नटांच्या नावांच्या चिमुकल्या पाट्या असतात. जानेवारीचा अलंकार व्यापाऱ्यांच्या विशेष लोभाचा. नववर्षाच्या पहिल्या दिवसांत अंबाड्यात भाताचे खरेखुरे कणीस खोवतात. त्यातले साळीचे दाणे मागून घेऊन पैशाच्या पाकिटात ठेवले की वर्षभर लक्ष्मी टिकते, असा क्योतोच्या दुकानदारांचा समज आहे. वहीपूजनाच्या दिवशी चोपडीवर अक्षता वाहणाऱ्यांना त्यात परके काही वाटू नये.

या अंबाड्यांची नावे कोठून आली हे पाहू लागले की पुन्हा कोबेत यावे लागते. फार पूर्वी दरबारी जपानी स्त्रिया केस पाठीवर मोकळे सोडत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून केस वर बांधण्याची चाल पसरू लागली, आणि आरंभीच्या अंबाड्यांपैकी एकाचे नाव 'ह्योगो'. ह्योगो म्हणजे कोबेचेच जुने बंदर. तेथील गणिकांनी ही रीत पाडली असे एक मत; एदोतील त्या नावाच्या एका घरावरून नाव पडले असे दुसरे. 'शिमादा' हे नाव तोकाइदो या जुन्या राजमार्गावरील शिमादा गावाशी जोडतात, आणि त्या गावात आजही सप्टेंबरमध्ये या अंबाड्याचा उत्सव भरतो. एदो काळात सामान्य घरांतूनही ही भाषा चाले. अविवाहितेचा शिमादा, विवाहितेचा 'मारुमागे', किशोरीचा 'मोमोवारे', म्हणजे दुभंगलेले पीच. शेजारीण दारात आली की काही न विचारता तिची स्थिती कळे.

हे सारे मोडण्याची सुरुवात मेइजी काळात झाली. १८७१ मध्ये सरकारने पुरुषांना शेंडीवजा अंबाडा कापण्याची मोकळीक दिली. काही स्त्रियांनीही केस कापले, तेव्हा १८७२ मध्ये त्यांना मनाई झाली. पुढे १८८५ मध्ये तोक्योत पाश्चात्त्य धर्तीच्या साध्या अंबाड्याचा प्रचार करणारी एक संस्था स्थापन झाली. जुन्या केशरचनेवर तिचे तीन आक्षेप होते: ती गैरसोयीची, अस्वच्छ आणि खर्चिक. तिन्ही आक्षेप खरे होते, आणि बहुधा तिसऱ्याने काम केले. आज पूर्ण जुन्या पद्धतीचे, स्वतःच्या केसांचे अंबाडे रोजच्या जगण्यात उरले ते मुख्यतः माइकोंच्या डोक्यावर, आणि सुमो मल्लांच्या. मल्लांचेही दोन प्रकार आहेत: साधी गाठ सर्वांची, आणि टोकाशी गिंको वृक्षाच्या पानासारखी पसरलेली 'ओइचो' वरच्या दोन श्रेणींतील मल्लांची. तीही बांधणारे कारागीर वेगळे.

ज्यांना सर्व प्रकार एकत्र पाहायचे असतील त्यांनी सप्टेंबरच्या चौथ्या सोमवारी क्योतोत असावे. गिओनच्या दक्षिणेस यासुई कोन्पिरागू हे देवस्थान आहे. नको असलेली नाती तुटावीत म्हणून कागदाच्या चिठ्ठ्यांनी मढवलेल्या शिळेच्या भोकातून लोक तेथे सरपटत जातात. एरवी गर्दी असते ती त्यासाठी. परंतु आवारात एक छोटा चौथराही आहे. झिजलेल्या, दात तुटलेल्या फण्या तेथे कृतज्ञतेने समर्पित करतात. १९६१ पासून चालत आलेला फणी-उत्सव त्या दिवशी भरतो. प्राचीन काळापासून आजपर्यंतच्या केशरचना केलेल्या स्त्रिया काळाच्या क्रमाने गिओनच्या रस्त्यांतून चालत जातात. मोकळे केस, मग साधी गाठ, मग ह्योगो, शिमादा, मारुमागे, आणि शेवटी माइको. रचना टोपावर न करता त्या त्या स्त्रीच्या केसांवरच करतात. ही विद्या जाणणारे कारागीर आता क्योतोत मोजकेच राहिले आहेत. हात शिकायला वर्षे जातात आणि गिऱ्हाइके ठरावीकच, तेव्हा नवे कोणी या धंद्यात का यावे, हा प्रश्न हिशेबी माणसाला लगेच सुचेल. उत्तर सोपे नाही. एक कारागीर निवृत्त झाली की कित्येक मुलींच्या आठवड्याचे वार बदलतात.

एरवीच्या दिवशी पाहायला जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. क्योतोत माइकोसारखा वेष भाड्याने देणारी दुकाने पुष्कळ आहेत, आणि दुपारच्या उन्हात देवळासमोर हसत उभ्या राहून छायाचित्रे काढून घेणाऱ्या 'माइको' बहुतेक प्रवासीच असतात. कपाळाच्या कडेला टोपाची सरळ रेघ दिसते, आणि पहिल्या वर्षाची लोंबती माळ व थोरलीचा पोशाख असा घोळ एकाच अंगावर आढळतो. खरी माइको थांबत नाही. ती कामावर निघालेली असते. तिचा रस्ता अडवणे, बाही ओढणे, दारापर्यंत पाठलाग करणे असे प्रकार इतके वाढले की २०१९ मध्ये गिओनच्या खासगी गल्ल्यांत विनापरवाना छायाचित्रणाला दहा हजार येनच्या दंडाच्या पाट्या लागल्या, आणि २०२४ मध्ये त्यांतल्या काही गल्ल्या प्रवाशांना बंदच झाल्या. हानामिकोजीचा मुख्य रस्ता खुला आहे. एका कडेला उभे राहावे, तिला पुढे जाऊ द्यावे. तशीही ओळखण्याची सगळी खूण पाठीमागेच असते, आणि त्यासाठी कॅमेरा लागत नाही. एप्रिलमध्ये 'मियाको ओदोरी' हा १८७२ पासून चालत आलेला नृत्याचा कार्यक्रम असतो. तिकीट काढून तेथे बसले की वीस-तीस अंबाडे निवांत पाहता येतात.

महिन्यातून एक-दोन दिवस माइकोला सुटी असते. त्या दिवशी अंबाडा सोडलेला, केस धुतलेले, अंगात साधा सदरा आणि जीन्स. शिजोवरच्या दुकानासमोर मैत्रिणीबरोबर आइस्क्रीम खात उभी असलेली सतरा वर्षांची मुलगी मग कोणाच्याही नजरेत भरत नाही. छायाचित्रांसाठी आलेली गर्दी तिच्याजवळूनच हानामिकोजीकडे वळते.